बाबांनी कपाळावर काढून घेतलेला क्रूस

ब्रेकाकोट, उत्तर आइसलंड
गवतकापणीचा महिना, नवा कायदा झाल्यानंतरचा दुसरा उन्हाळा

प्रिय ओट्टार,

तुझी ताई धडधाकट आहे आणि तूही डब्लिनमध्ये तसाच असशील असं धरून चालते. अक्षर पाहून दचकू नकोस. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी बोलतेय आणि फोल्कमार लिहितोय. हा सॅक्सन धर्मगुरू गेल्या हिवाळ्यापासून आपल्याकडेच राहतो. आपल्या सरदार गोदींनी या खोऱ्यातल्या लोकांना प्रार्थना शिकवायला त्याला धाडलंय. प्रार्थना थोड्यांनाच आल्या, पण त्याला मात्र मेंढ्या कातरायला छान येतात आता. (हे लिहिताना तो हसतोय.)

यंदा गवत बरं आहे. वरच्या कुरणातलं अजून कापायचंय. करड्या घोडीला शिंगरू झालं, पांढऱ्या कपाळाचं. लोणी भरपूर, सुके मासे जेमतेम.

मीही ख्रिस्ती होण्याचं पाणी घेतलं. कायदाच झाला, सगळ्यांनी घ्यायचं. उत्तरेकडच्या लोकांनी एकच अट घातली, गार पाण्यात उतरणार नाही! म्हणून गरम पाण्याच्या झऱ्यावर झालं सगळं. कोमट पाण्यात उभी राहिले, केस वाळवत बसले. आत काही बदललंय का ते चाचपून पाहिलं. कळलं नाही.

बाबा गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. आणि हेच बाबा दुसऱ्या दिवशी डोंगरावर हरवलेली मेंढी शोधायला गेले.

तू विचारशील, मग धर्मगुरूला घरात कसं घेतलं? पाहुणा दारात आला तर त्याला शेकोटीजवळची जागा द्यायची, मग देव कुठलाही असो, हे बाबांचंच म्हणणं. पहिल्या संध्याकाळी फोल्कमारने बिचकत विचारलं, "तुमचे देव नेमके आहेत तरी कोण?" झालं! आपल्या लहानपणी जसे सुरू व्हायचे तसे बाबा सुरू झाले. इमीर राक्षसाच्या हाडांचे डोंगर कसे झाले, कवटीचं आभाळ कसं झालं. ओडिनने शहाणपणासाठी एक डोळा कसा देऊन टाकला. ढग गडगडले की म्हणायचे, "ऐक, गडगडाटाचा देव थोर निघाला रथाला बोकड जुंपून. राजेलोकांचा देव ओडिन. आम्हा शेतकऱ्यांचा हाच."

एकदा ते शेवटच्या लढाईचं सांगत होते. लांडगा सूर्य गिळतो, समुद्र जमिनीवर चढतो, आणि देव मारले जातात.

"मरणारे देव?" फोल्कमार म्हणाला. "असल्या देवांना काय मानायचं?"

"तुझाही मेलाच की."

"तो तिसऱ्या दिवशी उठला!"

"नशीबवान. आमच्यांना मरायचंय हे आधीपासून माहीत आहे, तरी ते लढायला उभे राहणार. म्हणून मानतो मी त्यांना."

दुसऱ्या दिवशी फोल्कमार स्वतःच म्हणाला, "पुढचं सांगा."

आता पुढचं मलाही सांगायला हवं. इतका वेळ मी गवत आणि घोडी करत बसले, त्यावरून तू ओळखलं असशील.

बर्फ वितळायच्या सुमाराला बाबांना खोकला धरला. छातीत घरघर, अंगात ताप. शेजारचा केटिल पाहायला आला आणि भाला घेऊनच आला. "वेर्मुंड, अंथरुणात मेलास तर मेलेल्यांच्या राणीकडे, हेलच्या अंधारात जाशील. टोकाने जरासं रक्त काढून घे. ओडिन आपला म्हणेल, त्याच्या वाल्हाल्लात लढवय्यांमध्ये जागा मिळेल."

बाबा म्हणाले, "तिथे रोज सकाळी लढायचं, संध्याकाळी प्यायचं, पुन्हा सकाळी लढायचं. या वयात? आणि ग्रोआ तिथे नाही, ती हेलकडे आहे."

आईचं नाव आलं आणि ते विचारात पडले. केटिल गेल्यावर त्यांनी फोल्कमारला जवळ बोलावलं.

"तुझ्या देवाच्या घरी माझी बायको आहे का?"

तो बराच वेळ बोलत राहिला, लॅटिनही बोलला. बाबांनी हात वर केला. "आहे की नाही?"

"माझे गुरू म्हणतात, नाही."

"आणि माझा मुलगा?"

"तो तिथे येईल."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ओट्टार, तू गेल्यापासून त्यांनी 'माझा मुलगा' हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले होते. तू ख्रिस्ती झालास, शरदाच्या मेजवानीत देवांना वाहिलेलं घोड्याचं मांस दूर सारलंस, आणि ते ओरडले, "माझ्या पंगतीत जेवायचं नसेल तर माझ्या छपराखाली राहू नकोस." तू खरंच उठलास. त्यानंतर या घरात तुझं नाव कुणी घेतलं नाही. मीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते उठून बसले आणि फोल्कमारला बाल्डरची गोष्ट सांगितली. देवांचा सगळ्यांत लाडका बाल्डर मेला, तेव्हा हेल म्हणाली, जगातलं सगळं त्याच्यासाठी रडलं तर परत देते. माणसं रडली, जनावरं रडली, दगडांना पाझर फुटले. गुहेतली एक म्हातारी तेवढी रडली नाही. म्हणून तो परत आला नाही.

"या घरात ती म्हातारी मी," बाबा म्हणाले. "ओट्टार गेला तेव्हा कुत्रंसुद्धा रडलं."

तुझं नाव घेतलं त्यांनी, ओट्टार. मोठ्याने घेतलं. मी ताक घुसळत होते. हात तसाच राहिला.

मग त्यांनी आपला निर्णय सांगितला. "मी ग्रोआकडे जाणार. पोराजवळ त्याचा देव आहे, त्याची माणसं आहेत. ती एकटी आहे, आणि तिला अंधाराची भीती वाटते." आणि फोल्कमारला विचारलं, "व्यापारी लोक परमुलखात कपाळावर नुसता क्रूस काढून घेतात, पाण्याशिवाय. त्याने काय होतं?"

"तेवढ्याने कुणी ख्रिस्ती होत नाही. पण ख्रिस्ती माणसांच्या पंगतीला बसता येतं."

"बसू देतात?"

"बसू देतात."

"मग काढ. तो इकडे आला तर त्याला माझ्याबरोबर जेवायला अडचण नको."

फोल्कमारने अंगठ्याने क्रूस काढला. क्रूस काढून झाल्यावर बाबांनी कपाळ पुसलं नाही. समुद्रावरून पहिलं जहाज कधी येतं ते विचारलं. मी म्हटलं, "येईल आता." तीन-चार दिवस रोज तेच विचारलं. मग विचारायचं थांबले.

जहाज आलं नव्हतं.

आईशेजारीच टेकडीत ठेवलं त्यांना. हेलची वाट लांब, खडकाळ. रीतीप्रमाणे पायांत मजबूत जोडे बांधायचे होते. माझ्या बोटांनी गाठ बसेना. तेव्हा फोल्कमार पुढे आला, गुडघ्यांवर बसला आणि मी गाठ मारेपर्यंत बाबांचं पाऊल धरून राहिला. त्याच्या वरिष्ठांना कळलं तर त्याचं काय होईल कोण जाणे. हे गाळू का, असं मी आत्ताच त्याला विचारलं. तो म्हणाला, "राहू दे."

शेत आता तुझं आणि माझं. पण त्यासाठी ये म्हणत नाही. मी पाणी घेतलेली, जोडे बांधणारी बाई. मी मेल्यावर कुणाकडे जाणार, हे मला फोल्कमारही सांगू शकत नाही आणि केटिलही नाही. तुझी-माझी तिकडे गाठ पडेल याची खात्री कुणीच देत नाही. म्हणून आपण दोघं जिवंत आहोत तोवर ये.

वेर्मुंड आणि ग्रोआ यांची मुलगी,
तुझं नाव आता रोज घेणारी,
स्टेनवर