हिरव्या विद्यार्थिनीला पुन्हा लाल करण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
गणित पूर्वसूचना कक्ष, दुसरा मजला

विषय : इयत्ता पाचवीतील एका विद्यार्थिनीस पुन्हा लाल गटात घेणेबाबत.
संदर्भ : माझे अभिनंदन करणारे आपले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करते, की गणितात मागे पडणारी मुले वेळीच ओळखणारे आपले यंत्र वर्गात आल्यापासून मला शाळेत यायची शिसारी आली आहे. हे वाक्य कार्यालयीन भाषेत बसत नाही, याची कल्पना आहे.

१. मी मुलांना पडताळा करायला शिकवते. भागाकार झाला की उलटा गुणाकार करून पाहायचा, चुकले तर खोडायचे. आपले यंत्र जुन्या नापास मुलांच्या सोडवण्यावरून शिकले आहे. ती मुले गोंधळून पुन्हा पुन्हा मागे जात, उत्तर बदलत. म्हणून जो मागे गेला तो कच्चा, असे यंत्राने ठरवले आणि माझा निम्मा वर्ग लाल झाला.

२. त्यात शाळेसमोरच्या शिंपीकाकांची थोरली मुलगी होती. ती स्वतःची चूक पकडायची आणि वर माझीही पकडायची. तेव्हा तिला जे हसू फुटायचे, त्यासाठी मी फळ्यावर मुद्दाम चुकले आहे. अशा मुलीला बाकीच्या लाल मुलांसोबत अडगळीच्या खोलीत मणी मोजायला बसवले. मी तक्रार केली, तर आपले तंत्रज्ञ म्हणाले, "बाई, यंत्र बरोबरच आहे. तुम्ही तो पडताळा बंद करा."

३. मी बंद केला नाही, तिने केला. आता पहिले सुचेल ते उत्तर ठोकून ती मोकळी होते. एखादे चुकलेले यंत्राला चालते, थांबलेले चालत नाही. ती हिरवी झाली. काल तिने आठाने भागून मूळ संख्येपेक्षा मोठे उत्तर आणले. हे कसे, असे विचारले तर म्हणाली, "चुकलं असेल बाई. पण बघत बसलं की परत मण्यांत पाठवतात."

४. त्याच दुपारी 'लक्षणीय प्रगती'बद्दल आपले अभिनंदनपत्र आले. शिपाईमामांनी ते सर्वांसमोर कौतुकाने वाचून दाखवले. ती मुलगी टाळ्या वाजवत होती. मला किळस आली, आपली आणि त्या पत्रावर सही करून पोच देणाऱ्या माझीही.

तरी तिला त्वरित लाल करावे, ही विनंती. मण्यांच्या खोलीत तिच्यासोबत मी बसेन. तिथे यंत्र बसवलेले नाही. तिथे तिला हवे तितके खोडता येईल.

अजून नम्र राहिलेली,
(सही)
गणित शिक्षिका, इयत्ता पाचवी
दिनांक : आजचाच, वर्ग सुटल्यावर

सोबत : अभिनंदनपत्र, मूळ प्रत. परत घ्यावे.