पितरांच्या आठवड्यातली तपासणी

९ ऑगस्ट
आले एकदाची उरानोला. गाव झकास, हवा झकास, आणि मी ओसाकाची नर्स म्हणून सगळे टिंगल करायला टपलेले. मित्सुए आजींकडे उतरले आहे. खारवलेला मुळा वाढताना म्हणाल्या, खा पोरी, तुमचे डॉक्टर या मिठावरूनच आम्हाला झापतात.
कॅन्सर आणि पक्षाघात कशाने होतात, याचा शोध इथे कित्येक वर्षं चालू आहे. गावकरी दरवर्षी तपासून घेतात, मेल्यावर देहही उघडू देतात. हा शोध चालवणारे डॉक्टर कुसाकाबे छाती फुगवून म्हणाले, आजवर एकही माणूस हातून सुटलेला नाही. नोकरीसाठी बाहेर गेलेले ओबोनला, पितरांच्या दिवसांत, घरी येतात. म्हणून यंदा प्रथमच तपासणी त्याच आठवड्यात. हुशार माणूस.

१४ ऑगस्ट
काल दारोदार पितरांना बोलावणारे जाळ पेटले. आज शाळेत तपासणी. एका म्हाताऱ्याचा रक्तदाब लागेना, नाडीही सापडेना. हात गार. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तो मुकाट्याने उठून पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहिला. चहा देणाऱ्या मित्सुए आजींच्या हातून किटली पडली. म्हणाल्या, अगं, हे आमचे हे. जूकिची. वारले त्याला चार वर्षं झाली.

१५ ऑगस्ट
रांगेत तसे वारलेले कितीतरी. नाडी लागली नाही की पुन्हा शेवटी जाऊन उभे राहतात. आजी म्हणतात, बोलवाल तेव्हा तपासून घ्यायला येईन, असा शब्द दिला होता ह्यांनी. तपासणी झाल्याशिवाय हलणार नाहीत. उद्या निरोपाचे जाळ विझायच्या आत जो गेला नाही, तो कायमचा अडकला. मी घाबरले आहे, खोटं कशाला बोलू. डॉक्टर मात्र खुशीत. म्हणे, आकडे मिळेपर्यंत कुणाला सोडायचं नाही, मेल्यानंतरची माहिती जगात कुणाकडे आहे? मी तोंडावर सांगितलं, आतडीसुद्धा दिली या माणसांनी तुम्हाला, अजून काय हवंय?

१६ ऑगस्ट
जूकिचींचं मनगट सोडलंच नाही. शेवटी नाडी लागली — माझीच, माझ्या बोटांतून त्यांच्यात. बोटं बधिर. म्हटलं, झाली तपासणी, निघा आता. वाकले, गेले. आजी जाळापाशी रडताहेत, हसताहेत.

१६, संध्याकाळ
एकेकाला नाडी देता देता उजवा हात कोपरापर्यंत बधिर झाला. डाव्याने लिहितेय. डॉक्टर ओरडताहेत, आकडा लिही, थांब, मरशील — एकही आकडा देणार नाही. काढा नोकरीवरून.

जाळ बसत चाललेत. पाठीला बाळ बांधलेली एक — दोघांची झाली. छातीत गार —
उठणार नाही मी या खुर्चीवरून.

शेवटचे आजोबा. घाबरू नका, मी आहे ना. हात द्या, तुमची झाली की —