सात नंबरचे बूट

३ मार्च, रविवार
सासरेबुवा मोटरसायकल सोडणार. गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणतात. गाडी घरातच द्यायची, मला नाहीतर मेहुण्याला. २४ तारखेला त्यांच्या घराशेजारच्या मैदानात दोघांची परीक्षा. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली त्यांनी, परीक्षा घेतल्याशिवाय ते कुणाला पाणीसुद्धा देत नाहीत. अट एकच : पायात घोटा झाकणारे मजबूत बूट. चपलेत आलात तर फाटकातूनच परत जा, म्हणाले. बोलताना माझ्या चपलांकडे बघत होते.

गाडी माझीच. मेहुण्याची समजूत कशी घालायची, एवढाच प्रश्न आहे.

ही जेवताना म्हणाली की कॉलेजात असताना ती ही गाडी चालवायची. असेल. मी मान डोलावली.

५ मार्च
बुटांचा अभ्यास सुरू. वेगळी वही केली. घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाट्या हव्यात. बोटांवर टणक टोपी. तळ न घसरणारा. लोंबती नाडी नको, कुठेतरी अडकते. डाव्या बुटावर गिअरसाठी जाड पट्टी. तळ दोन्ही हातांनी पिळून बघायचा, फडक्यासारखा पिळला गेला तर बूट ठेवून द्यायचा.

इतक्या खोलात कोण जातो? मेहुणा गोदामातले सेफ्टी शूज घालून येणार आहे. बिचारा.

९ मार्च, शनिवार
बूट घेतले.

खरं तर बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय सुजतो. (वही, पान ४.) मी मुद्दाम सकाळी गेलो. सुजलेल्या पायाचं माप हे खरं माप कसं? आम्ही ऑफिसात कुणाचाही काटा तपासताना तो आधी शून्यावर आणतो.

दुकानदार लांबूनच माझे पाय बघून नऊ नंबर म्हणाला. मी त्याला सांगितलं, वजन-मापं तपासण्याच्या खात्यात एकवीस वर्षं काढलीत. कॉलेजपासून मला सात लागतो. शिवाय हिला सात लागतो, त्यावरून मी हिला लग्नापासून चिडवतोय. आता मीच नऊ घेऊ?

बूट चढवायला मी, तो आणि शूहॉर्न असे तिघं लागलो. चालून बघा म्हणाला. चाललो. चामडं सैल होतंच.

आठ दिवसांत बदलून मिळतील, तळ स्वच्छ हवा, असंही म्हणाला. मला काय करायचंय? खोका लगेच रद्दीत दिला.

११ मार्च
बूट घालून ऑफिसात गेलो. चालण्यात एक ऐट आलीय. शिपाई न सांगता खुर्ची घेऊन आला. साहेबांनी पायऱ्यांवर हात धरला. आदर वाढलाय.

१३ मार्च
टाचेला फोड. चामडं सैल होण्याची सुरुवात.

संध्याकाळी सराव. जेवणाच्या खुर्चीवर बसलो, खुर्चीला पावलाच्या उंचीवर छत्री बांधली, तो गिअर. बोटांना छत्री लागतच नाही. बोटं आहेत की नाहीत हेही कळत नाही. संरक्षण इतकं उत्तम. जरा जोर दिला तर छत्री मोडली. हलक्या प्रतीची होती.

हिने खुर्चीवर बसून मोडक्या छत्रीवर पाय ठेवला आणि सांगितलं की पहिला गिअर खाली, बाकीचे वर. मी सगळेच वर टाकत होतो. माहीत होतं मला, पण बिनगिअरची स्कूटर चालवणाऱ्याला सवय व्हायला वेळ लागतो.

१६ मार्च
अंगठा निळा. बुटाचा रंग लागला असावा. बूट काळे आहेत, पण रंगाचं काही सांगता येत नाही.

बूट खरंच होतायत का, असं हिने विचारलं. उद्या शेवटचा दिवस आहे, दुकानात जाऊन येऊ म्हणाली. मी म्हणालो, मोज्यासारखे बसलेत.

१९ मार्च
इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. गाडीचं मला तेवढं नाही. पण लग्नाला एकोणीस वर्षं झाली, सासरेबुवांनी मला एकदाही 'छान' म्हटलेलं नाही. घर घेतलं तेव्हा 'हं' म्हणाले. बढतीला तर तेवढंही नाही. रविवारी म्हणतील. म्हणावंच लागेल.

आज बुटांत ओला वर्तमानपत्राचा लगदा कोंबला. सैल होतील.

२२ मार्च
लगदा वाळून दगड झाला. स्क्रू-ड्रायव्हरने काढला. बूट आणखी आखडलेत. तात्पुरतं आहे.

२४ मार्च, सकाळी ७
आज! पाय थोडे सुजलेत, म्हणून बूट पिशवीत घेतलेत. तिथे पोचल्यावर घालीन. ताजे राहतील.

२४ मार्च, दुपारी ४
थोडक्यात लिहितो.

मेहुण्याची पाळी आधी होती. थांबताना त्याच्या बुटाची नाडी पाय टेकायच्या दांडीत अडकली आणि तो गाडीसकट सावकाश आडवा झाला. लागलं नाही. परीक्षा मात्र संपली.

म्हणजे मी नुसते बूट घालून गाडीवर बसलो असतो तरी पुरे होतं.

उजवा गेला. डावा जाईना. सासरेबुवा घड्याळ घेऊन उभे. मेहुण्याने बूट धरला, मी खांब धरला. दहा मिनिटांनी उजवाही काढावा लागला, कारण डोळ्यांपुढे अंधारी आली.

तेव्हा हिने सँडल काढल्या. बूट घातले. आवाजसुद्धा झाला नाही, पाय आत. एका किकमध्ये गाडी सुरू. मैदानाला तीन फेऱ्या, विटांमधून इंग्रजी आठचा आकडा, रेषेवर बरोबर थांबली. हसत होती. एवढी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं.

सासरेबुवांनी डोळ्यात धूळ गेली म्हणून चष्मा पुसला आणि चावी तिला दिली. मग माझ्याकडे वळले. म्हणाले, जावईबापू, बूट छान निवडलेत.

मी मागे बसायला निघालो तर अडवलं. मागे बसणाऱ्यालाही घोटे असतात, म्हणाले. ती गाडीवरून घरी आली. मी बसने आलो. पिशवीत तिच्या सँडल होत्या.

२५ मार्च
'छान' म्हणाले. नोंद असावी.

संध्याकाळी हिने जमिनीवर कागद पसरला, मला त्यावर उभं केलं आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली. मागे बसायचं तर बूट हवेतच, म्हणाली. पट्टी लावली. नऊ.

पेन्सिल जाड होती.