सायकलस्टँडवरचं बोलणं

४ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, खुशाली कळली. तुझ्या काकूला फोनवरचं काही ऐकू येत नाही म्हणून तू अजून पत्रं लिहितेस, ह्याचं तिला कोण कौतुक! आधी ती वाचते, मग उशाखाली ठेवते आणि दोनदा मागितल्यावर माझ्या हाती देते.

आता भांडणाचं. तुमच्या आरोग्य खात्याचं रोजचं निवेदन तू लिहितेस, म्हणून मी टीव्हीसमोर सरसावून बसतो. पण काय गं, साथीची दुसरी लाट दाराशी आलीय आणि तुमचे साहेब म्हणतात, मास्क शक्यतो वापरावा? शक्यतो म्हणजे काय? दुकानं उघडी, थिएटरं उघडी, इस्पितळात भेटायला येणाऱ्यांची ही झुंबड. मी वर्तमानपत्राच्या वाचकांच्या सदराला पुन्हा पत्र धाडलंय. नातेवाइकांना इस्पितळाच्या दारातच अडवा, आणि ओळखीपाळखीवर कुणालाही सूट देऊ नका, असं खडसावून लिहिलंय. खाली सही नेहमीचीच, 'एक मास्कवाला'. तो कोण ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. परवा न्हाव्याचा मास्क नाकाखाली घसरला, तर मी अर्धे केस कापलेले तसाच उठून घरी आलो. काकू हसून हसून बेजार झाली. उरलेले केस तिनेच कापले, आणि आता मी घराबाहेर टोपी घालतो.

वेळेवर जेवत जा. साहेबांना माझा निरोप दे. किंवा राहू दे, नको देऊस.

रागावलो तरी तुझाच,
काका

९ जून

ति. काका आणि काकू यांना सा. न. वि. वि.

'एक मास्कवाला' आमच्या ऑफिसात पोहोचला बरं का. कात्रण टेबलाटेबलावर फिरलं. हा तिरसट गृहस्थ कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी फाइलमध्ये डोकं खुपसून बसले. आणि काका, तो 'शक्यतो' माझा नाही. मी लिहिते ते कागद वरच्या मजल्यावर जाऊन येतात आणि येताना असले शब्द चिकटवून आणतात. इथे रोज दोन्ही बाजूंनी ओरडा. एक म्हणतात सगळं बंद करा, दुसरे म्हणतात आम्हाला उपाशी मारता का. माझ्या खोलीखालचा इस्त्रीवाला रोज मला गाठून विचारतो, की बाई, बंद होणार का? त्याला काय सांगू, ते तुम्ही तुमच्या पुढच्या पत्रात लिहा.

इस्पितळातल्या भेटीगाठी मात्र उद्यापासून बंद. तुमच्या मनासारखं झालं. मला ते पटलेलं नाही. आजारी माणसाला आपलं माणूस दिसूच नये, हे मला कसंसंच वाटतं. पण निवेदन मीच लिहिलंय.

काकू, सगळ्यांच्या तोंडावर मास्क आल्यापासून तू शिकवलेली विद्या वाया चाललीय. गिरणीत मागांच्या धडधडाटात तुम्ही दोघं नुसत्या ओठांनी बोलायचात, आणि तुझे कान त्या धडधडाटानेच नेले. पण घरी जेवताना माझ्यादेखत माझ्याच तक्रारी तुम्ही ओठांनी करायचात, आणि मला त्या वाचता यायला लागल्या तेव्हा दोघांची कशी पंचाईत झाली होती! आठवलं की अजून हसू येतं.

काका, टोपी घालून तरी सांभाळून फिरा. तुमच्या मायेची भुकेली,
भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस अ. आशीर्वाद.

तुझ्या काकूला काल इस्पितळात ठेवलं. ताप होताच, काल धाप लागली. अॅम्ब्युलन्समध्ये मला घेतलं नाही. मी मागून सायकलने गेलो. फाटकातल्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने तिचं वय, आजार, औषधं सगळं विचारून घेतलं, आणि मला परत फिरवलं. नियमच आहे. मीच मागितला होता.

फोनवर तू पास मिळवून देते म्हणालीस. नको. मी वर्तमानपत्रात छापून सांगितलंय की सूट नको, आणि आता पुतणी खात्यात आहे म्हणून मी आत शिरू? फाटकाबाहेर किती माणसं बसलीत ते तुला काय सांगू. त्यांना कोण देणार पास?

घर खायला उठतं. चहा दोन कप होतो. काकूच्या खुर्चीत बसवत नाही, आणि माझ्या खुर्चीतून समोर तीच खुर्ची दिसते. तुझं मागचं पत्र तिच्या उशाखाली आहे, मी काढलेलं नाही.

तू येऊ नकोस, लिहीत राहा.
काका

२३ जून

ति. काकांना सा. न. वि. वि.

हे पत्र खात्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांबरोबर पाठवतेय, कारण पासचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवून देता. शेवटपर्यंत वाचा.

आज वॉर्डच्या मुख्य सिस्टरशी बोलले. त्या म्हणाल्या, आजींना भ्रम झालाय, काहीही विचारा, उत्तर देत नाहीत, आणि ऑक्सिजनचा मास्क लावला की ओढून काढतात. असंच चाललं तर हात बांधावे लागतील, आणि त्यानेही भागलं नाही तर आशा धरू नका. मी विचारलं, त्यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत आहे ना? सिस्टरांनी केसपेपर काढून बघितला, तर त्यात तसं काही लिहिलेलंच नव्हतं. काका, तुम्ही कारकुनाला काकूचं सगळं सांगितलंत, ती बहिरी आहे एवढंच सांगितलं नाहीत! तिथे सगळ्यांची तोंडं झाकलेली. तिला काय कळणार?

सिस्टरांनी मग कागदावर लिहून दाखवलं. काकूने तो ढकलून दिला. ती फार घाबरलीय. तुमचं तत्त्व मोडू नका, आत जाऊ नका. पण तिची खाट खिडकीशी सरकवायला सिस्टर तयार आहेत. खाली सायकलस्टँड आहे. उघड्यावर उभं राहायला कुणाचाच पास लागत नाही.

मास्क मात्र काढावा लागेल. काढाल ना?

तुमची,
भिंगरी

२५ जून

चि. भिंगरीस अ. आशीर्वाद.

तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. मी कसा विसरलो, असं तू विचारशील. अगं, मी विसरलो नाही. मला ती बहिरी वाटतच नाही. इतक्या वर्षांत मी तिला काही बोललो आणि तिला कळलं नाही, असं एकदाही झालेलं नाही. मला ऐकू येणाऱ्या माणसांशीच जास्त ओरडावं लागतं.

काल दुपारी सायकलस्टँडवर गेलो. आसपासच्या माणसांना लांब व्हायला सांगितलं. मास्क काढून खिशात ठेवला तेव्हा भर रस्त्यात धोतर सुटल्यासारखं झालं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ती दिसली. एवढीशी झालीय. मग मी गिरणीत बोलायचो तसं बोललो, तोंड भरून, सावकाश. मास्क ओढू नकोस, ती तुझी हवा आहे. सिस्टर सांगतात ते कर. मी इथेच आहे. आणि पुढे आणखीही बोललो, ते तुला सांगायचं कारण नाही. तिने हात वर केला. मग स्वतःच्या हाताने मास्क लावून घेतला! माझा जीव भांड्यात पडला.

एक गंमत झाली. पलीकडे झाडणारी बाई पदराआड हसत होती. चौकशी केली तर तीही गिरणीतलीच निघाली, सगळं वाचलं होतं तिने. मी लाजेने लाल.

पण फाटकाशी टीव्हीवाल्यांचा कॅमेरा होता, हे मला संध्याकाळी कळलं.

आता तू काय ते समजून घे.
काका

२८ जून

ति. काकांना सा. न. वि. वि.

समजून काय घ्यायचं, तुम्ही सगळ्या चॅनेलांवर आहात! आवाज नाहीच, नुसतं तोंड उघडून आभाळाकडे बघणारा टोपीवाला म्हातारा. मास्कविरोधी मंडळी म्हणतात, सामान्य माणूस पेटून उठला. तुमच्या बाजूचे म्हणतात, असल्या बेजबाबदार म्हाताऱ्यांनीच साथ पसरवली. काल चर्चेत दोन विद्वान तुमच्यावरून हमरीतुमरीवर आले. साहेबांनी निवेदनात 'इस्पितळाच्या आवारातील निंद्य प्रकार' घालायला सांगितलं. मी नाही म्हटलं, आणि हे माझे काका आहेत, हेही सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ती ओळ स्वतःच खोडली.

काका, एकच खुलासा पाठवा. 'एक मास्कवाला' म्हणून मिळवलेलं नाव मातीत जातंय. तुम्ही तिला मास्क लावायलाच सांगत होतात, हे मी साऱ्या जगाला सांगू शकते. मी ओठ वाचले. मास्क ओढू नकोस, एवढं वाचलं. पुढचं माझ्यासाठी नव्हतं, म्हणून टीव्ही बंद केला.

तुमच्या होकाराची वाट बघते.
भिंगरी

२ जुलै

चि. भिंगरीस अ. आशीर्वाद.

खुलासा नको. आधी काय म्हणालो ते सांगितलं की पुढे काय म्हणालो ते विचारतील. मग ते दोघे विद्वान त्यावरही चर्चा करतील. शेजारच्याने परवा माझ्याकडे बघून दार लावलं. लावू दे.

काकूचा ऑक्सिजन आज काढला. बुधवारी घरी सोडतायत. आता मला कुणीही काहीही म्हणो. मी फार सुखात आहे.

तुझ्या इस्त्रीवाल्याला काय सांगावं, ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेपर्यंत वर्तमानपत्राला पत्र लिहिणार नाही.

असाच लळा असू दे.
काका

१२ जुलै

चि. भिंगरे, पोटभर आशीर्वाद.

आता हात कापत नाही, म्हणून हे पहिलं पत्र तुला. हे बाहेर गेलेत, तेवढ्यात लिहून घेते.

लोक म्हणतात मला भ्रम झाला होता. काही भ्रमबिम नव्हता गं. माझं तोंड झाकलं की मी मुकी झाले असंच मला वाटायचं. बोलायचं तर ओठ दिसले पाहिजेत, ही गिरणीतली सवय. काही सांगायचं झालं की मी तो मास्क ओढायची, आणि त्या मुली पुन्हा लावायच्या. आमची नुसती झटापट. सगळी डोळ्यांपुरती माणसं. मला वाटलं आता इथेच संपलं, आणि संपताना आपलं तोंड असलेलं कुणी दिसणार नाही.

आता एक सांगते ते पोटात ठेव. माझा चष्मा पहिल्याच दिवशी कपड्यांबरोबर पिशवीत गेला होता. त्या मुलींनी दाखवलेला कागद मला वाचता आला नाही, कसली तरी सही मागतात असं वाटलं. आणि तिसऱ्या मजल्यावरून मला ह्यांचे ओठ काय, नाकसुद्धा दिसलं नाही. एक टोपी दिसली, आणि टोपीखाली उघडा चेहरा. घरात झोपतानाही मास्क काढायला कुरकुरणारा हा माणूस भर आवारात उघड्या तोंडाने उभा होता. ह्यांनी माझ्यासाठी काढला, तर मी ह्यांच्यासाठी लावायला नको? म्हणून लावला.

हे रोज चहा पिताना विचारतात, मी बोललो ते सगळं कळलं ना गं? मी म्हणते, शेवटचं तेवढं नीट कळलं नाही, टोपीची सावली पडली होती, पुन्हा म्हणा. मग हे कपबशी खाली ठेवतात, दार लोटलंय का बघतात, आणि पुन्हा म्हणतात.

जिन्यावर पावलं वाजताहेत, फळी हलली की मला कळतं. आज ह्यांचं अजून विचारायचं राहिलंय, म्हणून थांबते.

तुझी,
काकू