बारा मिलिमीटर

अण्णा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की जहाज तुमच्याकडून बारा मिलिमीटर लांब झालं होतं आणि मी ते नीट केलं. ते चूक आहे. जहाज बरोबर होतं. ते पत्रही आधीच्या पत्रांसारखं तुमच्या हत्यारांच्या पेटीतच पडून आहे, पण त्यात खोटं राहू नये म्हणून हे लिहिते.

गेल्या आठवड्यात त्याच पेटीच्या तळाशी, पॉलिश पेपरच्या गुंडाळीत तुमची फौंड्रीतली पट्टी सापडली. माझी पट्टी मी तिच्याशेजारी ठेवली, शून्याला शून्य लावलं. तुमचे तीनशे माझ्या तीनशेच्या पुढं तीन मिलिमीटर गेले. पुन्हा लावून पाहिलं, तेच. मला हे माहीत होतं, हेच सहन होत नाही. दम्यामुळे दुसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही, अंक तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही कामावरून येता, अंगावर लाकडाचा भुसा, आई भाकरी थापत असते, आणि मला पाटावर बसवून तुम्ही परातीपासून काडेपेटीपर्यंत सगळं मोजायला लावता. एकदा मी वहीत रेघा मारायला ती पट्टी घेतली, तर हातातून हिसकावलीत. “ती वहीची न्हाय. तिच्यावर शंभर लिहिलंय, पण ती एकशे एक भरती. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, म्हणून साच्यासाठीचा आमचा लाकडाचा नमुना आधीच तेवढा मोठा करायचा.” पट्टी खोटं बोलते का, असं मी रडत विचारलं. “लोखंडासाठी बोलती,” तुम्ही म्हणालात, आणि आई तव्याकडे बघत हसली.

डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही तुमची साधी स्टीलची पट्टी मला दिलीत. घरात साधी पट्टी ती एकच होती, हे मला आता कळतंय. त्याच महिन्यात तुम्ही काकांचं जहाज करायला घेतलंत. काका नौदलात ज्या युद्धनौकेवर होते, ती. एकशेवीस मीटरचं जहाज, मीटरला एक सेंटिमीटर. विकतचा एक भाग नाही. सांगाडा सागाच्या तुकड्यांचा, वरचं बांधकाम तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं, तोफांच्या नळ्या सायकलच्या स्पोकच्या. काका गडहिंग्लजहून दर रविवारी फोन करायचे, कुठली शिडी कुठं ते सांगायचे आणि शेवटी विचारायचे, कधी होणार. तुमचं डायलिसिस सुरू झालं तरी विचारत राहिले. तुम्ही गेलात तेव्हा वरचे भाग चिकटवायचे आणि रंग द्यायचा, एवढंच राहिलं होतं.

ते मी करायचं ठरवलं. आधी मोजलं, तुम्ही दिलेल्या पट्टीनं. बाराशेबारा. तीनदा मोजलं, कारण तुम्ही तसंच शिकवलं होतं. तुम्ही कुठल्या पट्टीनं मोजलं असेल, हे मात्र एकदाही मनात आलं नाही. करवत घेऊन जहाजाची मागची बाजू बारा मिलिमीटर कापली, पुट्टी भरली, घासलं, करडा रंग दिला. कापलेला तुकडा बंबात घातला.

वर्षश्राद्धाला काका आले. मागच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरायचं, तिथंच त्यांची ड्युटी असायची. त्यांनी तिथं बोट फिरवलं. उतरायच्या गोलाला कठडा जवळजवळ टेकला होता. “माझं हेलिकॉप्टर कुठं उतरायचं गं आता, पाण्यात?” सगळे हसले. मी म्हणाले, “अण्णांचं माप चुकलं होतं, काका. मी नीट केलं.” हसणं थांबलं. काका बोट तिथंच ठेवून उभे राहिले. “म्हंजे आजारपणात हात गेलता त्याचा,” ते म्हणाले. “आनि मी दर रविवारी इचारत हुतो, कधी हुतंय म्हणून.” जहाज त्यांनी नेलं नाही, माझ्याकडंच राहू दे म्हणाले. त्यानंतर अकरा वर्षं, लग्न असो की बारसं, आजारी भावाला आपण राबवलं हेच ते सांगत आले. आई ऐकते आणि उठून आत जाते.

मी आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणीला आहे. दुसऱ्यांचे चुकलेले भाग दिवसभर लाल पेटीत टाकते. परवा घरी तुमचं जहाज पुन्हा मोजलं, तुमच्या पट्टीनं. डोलकाठी, तोफा, होड्या, सगळं एका प्रमाणात मोठं आहे. म्हणजे कुठंच काही चुकलं नव्हतं, मी हात लावेपर्यंत. मागची बाजू नवी करता येईल, पण ती माझी असेल.

काकांची नजर गेली आहे. त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, दिवसभर गुंगीत असतात, कधी ओळखतात, कधी नाही. दोन्ही पट्ट्या शून्याला शून्य लावून त्यांच्या हातात दिल्या, तर दुसऱ्या टोकाला बोटाला तीन मिलिमीटरची पायरी लागेल. त्यांना नुसती पायरीच कळेल, तिचा अर्थ नाही, अशीच शक्यता जास्त आहे. गेल्या आठ दिवसांत फोनवरही सांगता आलं असतं. चार वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला.

एक राहिलं. तुमचं माप चुकलेलं दिसलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, अण्णा. बरं वाटलं होतं. हेही काकांना सांगायचं आहे. हे पत्र पेटीत ठेवते, पट्ट्या पिशवीत भरल्या आहेत. आज गुरुवार. येत्या सोमवारी मला सुट्टी आहे, त्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी गडहिंग्लजला जाते.