तेरावा बिघाड

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समजा.) गुडघा काय म्हणतो? मामींचा राग उतरला का? इकडे सगळे ठीक, मी सोडून. हे पत्र उभ्यानंच लिहितोय, बसवत नाही. (फोन केला असता तर तुम्ही दुसऱ्या वाक्यालाच हसला असता, म्हणून लिहून फोटो पाठवतोय.)

संस्थेत मेकॅट्रॉनिक्सचा (यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचं लग्न) नवा वर्ग काढायचा, म्हणून प्रात्यक्षिकाचं यंत्र मीच बांधायला घेतलं. प्राचार्य म्हणत होते विकत आणू, पण आपल्या घराण्यात कोणी सरळ ऐकलंय? टेबलाएवढा पट्टा, त्यावरून ठोकळे येणार. सेन्सरनं धातूचा ठोकळा ओळखायचा आणि हवेवर चालणाऱ्या दांड्यानं तो पेटीत ढकलायचा, प्लास्टिकचा पुढे जाऊ द्यायचा. पण धडधाकट यंत्र बघून पोरं काय शिकणार, डोंबल? म्हणून मागे कुलूपबंद डब्यात बारा बटणं बसवली. एकेक बटण दाबलं की एकेक बिघाड, तो पोरांनी शोधायचा. त्या दिवशी इतका फुशारलो की घरी जाऊन पंख्यातलाही बिघाड शोधला. (पंखा चालू होता. आता नाही.)

पोरांनी बाराही शोधले. शुक्रवारी सगळी बटणं बंद करून मी ऐटीत यंत्र सुरू केलं, तर दांडा ढिम्म हलेना! धातू, प्लास्टिक, सगळं सरसकट पुढे. वीस डोळे माझ्यावर. आणि मामा, तोंडून निघून गेलं, "हा तेरावा. सगळ्यात अवघड. शोधा!"

झालं! आज मंगळवार, पोरं यंत्राला गोचिडासारखी चिकटलीत. मी जरा वाकलो की ओरडतात, "सर, तुम्ही सांगू नका हं!" अहो, सांगतोय कोण, मीच शोधतोय! वर प्राचार्यांनी तपासणी समितीला कळवून टाकलं की तेरावा बिघाड ही आमच्या सरांची खास कल्पना. समिती गुरुवारी येतेय. तिचं समाधान झालं तर वर्गाला मान्यता आणि माझी नोकरी कायम. नाहीतर वर्गही नाही, मीही नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय.

तर उद्या सकाळीच निघा. बाहेरचे परीक्षक म्हणून तुमची ओळख करून देतो. चाळीस वर्षं कारखान्यातली यंत्रं दुरुस्त केलीत, तुम्ही नुसता कान लावला तरी कळेल. झाकली मूठ झाकलेलीच राहील.

तुमचा गुणी (?) भाचा

ता. क. फोटो काढणार तोच 'टेस्टर' आली. (वर्गातली मुलगी, कायम कानामागे टेस्टर.) बिघाड सापडला! वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून मी त्या पट्टीनं इतक्या करकचून आवळल्या की एकीतली तार आतून तुटली. वरून शाबूत. तिनं जोडली, दांडा चालला. परीक्षक व्हायची गरज नाही.

ता. क. २. शाबासकी दिली, तर दार लोटून हळूच म्हणते, "सर, हा तुम्ही मुद्दाम नव्हता ना केला? मी कोणाला सांगणार नाही." मामा, शरमेनं मेलो हो. माझी लाज त्या पोरीनं का सांभाळायची? गुरुवारी दहा वाजता, समितीसमोर आणि पोरांसमोर, मीच खरं सांगणार आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण माझा माझ्यावरच भरवसा नाही. तेव्हा याच. यंत्राकडे बघू नका. दाराशी बसा, आणि मी पळायला लागलो तर वाट अडवा.