माहेरचं बुकिंग

चौल, मे अखेर

ती. कुमुदवन्सं यांना,

भार्गवीचा नमस्कार. स्वीकारायचा की परत पाठवायचा ते पत्र संपल्यावर ठरवा. गुडघा कसा आहे? (माजघरातल्या फरशीवर झोपून तो आणखी दुखावला असणार हे ठाऊक असून विचारते आहे, यावरूनच माझी अवस्था ओळखा.) इकडे भाऊ ठणठणीत आहेत. फक्त तुम्ही गेल्यापासून सुनेशी बोलत नाहीत. चहा हवा असला की झोपाळ्याची कडी वाजवतात. देवदत्त बोलतात, पण केवळ संगणकाविषयी. तुम्हाला फोन करायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते.

चैत्रात तुम्ही विचारलं होतंत, मे महिन्यात आठ दिवस येऊ का गं? मी म्हटलं, वन्सं, संगणक सगळं भरलेलं दाखवतोय. संगणक काहीच दाखवत नव्हता. तो बंद होता आणि मी कोकमं फोडत होते. पाहुणे एक रात्र राहून पैसे देऊन जातात आणि घरचं माणूस आठवडाभर राहतं, एवढा विचार माझ्या जिभेने माझ्याआधी केला. माडीवरची खोली लग्नापर्यंत तुमची होती, हे मला माहीत नाही थोडंच? आता तिच्या दारावर 'सागरदर्शन' अशी पाटी आहे. (आतून पोफळीच दिसतात. सागर पाहुण्यांनी आपला आपण कल्पायचा.)

त्याची शिक्षा मला संगणकाने दिली. तो रोज विचारतो, सुरक्षेची नवी ठिगळं लावायची आहेत, लावू का? मी रोज 'नंतर' म्हणते. त्या गुरुवारी मला त्याची दया आली आणि मी 'हो' दाबलं. निम्म्यावर जाऊन तो म्हणाला, जागा अपुरी आहे. मग म्हणाला, केलेले बदल मागे घेत आहोत, कृपया यंत्र बंद करू नका. मग पुन्हा पुढे, पुन्हा जागा अपुरी, पुन्हा मागे. दिघीच्या जेट्टीवर नवशिका माणूस फेरीबोटीत गाडी चढवताना करतो, अगदी तसं. मधेच थोडा वेळ तो शुद्धीवर यायचा, तेवढ्यात आम्ही पुसापुशी करायचो. देवदत्त म्हणाले, तुझे सूर्यास्त काढ. मी म्हटलं, तुमचे वादळाचे व्हिडिओ काढा. ते म्हणाले, ते पुरावे आहेत. (कोणाविरुद्ध, ते मी विचारलं नाही.) शेवटी मीच फोटो उघडून बसले. ज्यांची नावंही आता आठवत नाहीत अशी माणसं आपल्या झोपाळ्यावर, आपल्या वाडीत, आपल्या ताटांवर. वन्सं, त्या सगळ्या फोटोंत तुमचा एकही नव्हता. हे मला दिसलं, आणि तरी मी तशीच पुढे पुसत राहिले, कारण जागा हवी होती.

बुकिंगची पत्रं त्याच संगणकावर येतात आणि त्यांचा पासवर्ड मला नाही, त्यालाच पाठ आहे. पण पुसण्याच्या नादात ती बघायचं सुचलंच नाही. शुक्रवारी ठाण्याच्या एका कुटुंबाचा फोन आला, मी अंदाजाने माडीवरची खोली त्यांना देऊन टाकली. इकडे गुरुवारी रात्रीच मैथिलीला इंटरनेटवर मामाच्या घरची खोली रिकामी दिसली होती आणि जावईबापूंनी पैसे भरून ती घेतली होती, हे मला कुठून कळणार? तुम्हाला मात्र माझं 'भरलेलं' कसं भरलेलं होतं ते तिथल्या तिथे कळलं असणार. त्यावर तुम्ही एका अक्षरानेही बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

शनिवारी भर दुपारी गाडी थांबली. तुम्ही उतरलात, मागून मैथिली आणि सलिलराव. अंगणात ठाण्याची मंडळी सरबत पीत होती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बुकिंग आहे आमचं." आणि मी... रोजची सवय हो, दुसरं काही नाही... म्हटलं, "आधार कार्ड आणलंय ना?"

तुम्ही पर्स उघडून कार्ड काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. मी ते घेतलंसुद्धा! त्यावर तुमचा फोटो बघितला, मग तुमच्याकडे बघितलं. एवढ्यात झोपाळ्यावरून भाऊ गरजले, "अगो, तिचं ओळखपत्र मी आहे! मला तपास हवं तर!" ठाण्याच्या बाई हसल्या. तुम्ही हसला नाहीत. वर त्यांचं सामान लागलेलं, म्हणून मैथिली आणि सलिलराव ओटीवर, तुम्ही माजघरात. सकाळी मी खण-नारळ, तांदूळ काढून कुंकवाची कोयरी आणायला देवघरात गेले, तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आपल्या घरातून माहेरवाशीण रिकाम्या ओटीने गेली ती माझ्या वेळेला. तेव्हापासून मी काही पुसायला गेले की हात थांबतो.

मनापासून शरमलेली,
भार्गवी

ता. क. सगळे सूर्यास्त काढल्यावर ठिगळं एकदाची लागली. फरक काही दिसत नाही. पुढच्या महिन्यात नवी येणार आहेत म्हणे.

ता. क. आणखी एक. तुम्ही इंटरनेटवर आपल्या घराबद्दल लिहिलेला अभिप्राय वाचला. 'जेवण उत्तम. वाडी सुंदर. झोपाळ्यावरचे आजोबा फार गोड. यजमानीणबाई कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोर.' चार तारे. देवदत्तांचं म्हणणं, ऐन हंगामात हे बरं दिसत नाही, वन्संना तो काढायला सांग. खरं तर पत्र लिहायला बसले ती त्यासाठीच.

ता. क. शेवटचं. काढू नका. भाऊंनी तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि त्या निमित्ताने माझ्याशी बोलले. म्हणाले, "चार दिलेन ना? तिच्या आईने दोन दिले असते." मग मी उठून संगणक लावला आणि माडीवरची खोली भाड्याच्या यादीतून काढली. कायमची काढायची का, असं त्याने दोनदा विचारलं. या वेळी नीट वाचून 'हो' म्हटलं. दारावरची पाटीही उतरवली आहे. ओटीचा नारळ तसाच देवघरात ठेवलाय. त्याला कोंब यायच्या आत या.